रुग्णाचे पारणे, घराचे तप

व्यापारी कुटुंबाचे वर्ष दिवाळीच्या चोपडापूजनाने सुरू होते. पुढे लग्नसराई, अक्षय्यतृतीयेची पारणी, चातुर्मास, पर्युषण आणि पुन्हा दिवाळी, अशी त्याची वळणे ठरलेली असतात. घरातील एखाद्या श्राविकेला स्तनाचा कर्करोग झाल्याचे कळले, की या पंचांगावर दुसरे एक पंचांग येऊन बसते. ते बहुधा २१ दिवसांचे असते. किमोथेरपीचा डोस दिल्यानंतरचे पहिले काही दिवस मळमळ, थकवा आणि तोंडाची गेलेली चव यांत जातात. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. तिसऱ्या आठवड्यात जेवण गोड लागू लागते, स्वयंपाकघरात दोन घटका उभे राहण्याइतके बळ येते आणि तेवढ्यात पुढच्या डोसची तारीख उजाडते. काहींना हे औषध दर आठवड्याला, काहींना पंधरवड्याने दिले जाते. पण बरे वाटू लागताच पुन्हा उपचाराला सामोरे जाण्याची ही रीत सर्वांच्याच वाट्याला येते.

या काळात ‘आशा सोडू नकोस’ हे वाक्य तिला दिवसातून दहा वेळा ऐकावे लागते. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. मात्र आशा धरायची म्हणजे नेमके काय करायचे, हे कोणी सांगत नाही. आणि रडू आले तर आपलीच श्रद्धा कमी पडली, असा एक नवा अपराधभाव तिच्या मनावर लादला जातो. जैन परंपरेने या प्रश्नाचा विचार फार बारकाईने केलेला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार येतात. त्यांपैकी एक वेदनेचे आहे: पीडेने चित्त ग्रासले जाणे, तिच्यापासून सुटण्याच्या विचारातच मन अखंड फिरत राहणे. (चौथ्या प्रकाराला ‘निदान’ म्हणतात. भावी भोगाची लालसा, असा त्याचा अर्थ. मराठीत तोच शब्द रोग ओळखण्यासाठी रूढ व्हावा, हा भाषेचा एक विलक्षण योगायोग.) दुःख होणे हा दोष नाही. दुःखाच्या चिंतनात चोवीस तास अडकून पडणे, हे मात्र टाळता येण्यासारखे आहे आणि ते एकटीने टाळायचे नसते. ढळू लागलेल्या साधर्मिकाला सावरून धरणे, म्हणजे स्थिरीकरण, हे सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांपैकी एक मानले गेले आहे. सावरणारा दुसरा असतो, हे त्या शब्दातच गृहीत आहे.

मनाला धरायला साधने घरातच असतात. किमोच्या खुर्चीत सलाईन, मळमळ रोखणारे औषध आणि मुख्य औषध मिळून तीन-चार तास सहज जातात. काही रुग्णांना या काळात विसरभोळेपणा येतो, एका विचारावर मन टिकत नाही. अशा वेळी कपाटातील लहानशी आनुपूर्वी कामी येते. नवकाराची पाच पदे १२० वेगवेगळ्या क्रमांनी म्हणायची असल्याने जिभेच्या सवयीवर विसंबता येत नाही. प्रत्येक अंकाकडे पाहावे लागते, आणि जेवढा वेळ अंकाकडे पाहिले तेवढा वेळ मन पुढच्या रिपोर्टकडे धावत नाही. ४८ मिनिटांची सामायिक कटासनावर बसून होत नसेल, तर पडल्या पडल्या स्मरण करता येते. ज्यांना तेही जमत नाही, त्यांच्या उशाशी बसून घरातील कोणी मांगलिक म्हणावे. त्याने गाठ विरघळते असा दावा कोणी करू नये. उपचाराऐवजी मंत्रजल देणाऱ्यांपासून तर सावधच राहावे. मन शांत झाले, झोप लागली, दुसऱ्या दिवशी चार घास अधिक गेले, एवढे फळ पुरेसे आहे.

खरा पेच आहाराचा असतो. रुग्णालयातील आहारतज्ज्ञ प्रथिने वाढवायला सांगतात आणि बहुधा पहिल्याच वाक्यात अंड्याचे नाव येते. येथे संकोच न करता स्वच्छ सांगावे, की आमच्याकडे ते चालत नाही; पर्याय सांगा. मूग, मटकी, तूर, हरभऱ्याची डाळ, पनीर, दही, सोयाबीन, शेंगदाणे, तीळ, राजगिरा यांतून प्रथिनांची गरज भागवता येते. कंदमूळ वर्ज्य असल्याने काही अडत नाही. उलट जैन स्वयंपाकघरातील कित्येक नियम या दिवसांत जणू वैद्यकीय सल्ल्यासारखे वाटतात. पांढऱ्या पेशी कमी असताना गाळून उकळलेले पाणी, ताजे शिजवलेले अन्न आणि वासी पदार्थांचा त्याग, हेच तर डॉक्टर सांगत असतात.

अडचण येते ती रात्रिभोजनत्यागाची आणि तपश्चर्येची. मळमळणाऱ्या रुग्णाला एका वेळी पोटभर जेवण जात नाही. दर दोन-अडीच तासांनी थोडे थोडे द्यावे लागते. चौविहार पाळणाऱ्या घरात हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सकाळपर्यंत तिच्या पोटात पाण्याचा थेंबही जात नाही. त्यातच वर्षीतप सुरू असताना निदान झाले, तर तिची घालमेल शब्दांत सांगण्यापलीकडची असते. वर्ष-सव्वा वर्षाचे एकांतर तप, त्यातील सात-आठ महिने पार पडलेले, पारण्याच्या दिवसासाठी माहेरची तयारी सुरू झालेली, आणि डॉक्टर सांगतात की एकही उपवास करायचा नाही. वजन घटले किंवा शरीरातील पाणी कमी झाले, तर डोस पुढे ढकलावा लागतो, कमी करावा लागतो. मूत्रपिंडावर ताण येतो. तिला मात्र असे वाटते, की शरीर तर हातचे गेलेच, आता नियमही गेला.

परंपरा येथे तिला एकटी सोडत नाही. पच्चक्खाण घेताना ते आगारांसह, म्हणजे मुभांसह घेतले जाते. हे आपण रोज म्हणतो, पण त्याकडे फारसे लक्ष देत नाही. त्या आगारांत सर्व प्रकारे समाधी टिकावी यासाठीचा एक आगार आहे. तीव्र रोगाने चित्ताची समाधी भंगू लागली, तर औषधादी घेण्याने पच्चक्खाण मोडत नाही, असा त्याचा आशय. ज्यांनी ही सूत्रे रचली त्यांनी आजारी माणूस डोळ्यांसमोर ठेवला होता, हे त्यावरून उघड दिसते. म्हणून नियमाचा प्रश्न जावा-नणंदांच्या चर्चेत सोडवू नये. डॉक्टरांचा कागद घेऊन महाराजसाहेबांकडे किंवा साध्वीजींकडे जावे आणि काय करायचे ते विचारावे. रात्री औषधापुरते पाणी, अशक्त अवस्थेत रात्रीचे दूध, स्थगित केलेले तप पुढे कधी आणि कसे पूर्ण करायचे, या सर्वांचा मार्ग तेथे मिळू शकतो. तोवर घरातील मंडळींनी तिच्यासमोर स्वतःच्या अठ्ठाईचे कौतुक जरा आवरते घेतले, तर तेही पुण्याचेच.

या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. तपाचे बारा भेद सहा बाह्य आणि सहा आभ्यंतर असे सांगितले आहेत. अनशन, ऊणोदरी हे बाह्य. आभ्यंतरात प्रायश्चित्त, विनय, स्वाध्याय, ध्यान यांच्या जोडीने वैयावृत्त्य येते, म्हणजे सेवा. ज्यांची सेवा करायची त्या दहांच्या यादीत आचार्य, उपाध्याय, तपस्वी यांच्याबरोबर ‘ग्लान’, म्हणजे रोगी, याचाही स्पष्ट उल्लेख आहे. ती यादी साधुसंघासाठी आहे. पण तिचा धडा गृहस्थाने घेऊ नये असे कोठेही म्हटलेले नाही. आजवर घरातील धर्म बहुतेक करून स्त्रीनेच सांभाळला. पाणी तिने गाळले, उपवास तिने केले, मुलांना पाठशाळेत तिने नेले. आता तिने वेळेवर चार घास खाणे हीच तिची साधना, आणि ते घास तिच्यापर्यंत सूर्यास्ताआधी गरम पोहोचवणे हे उरलेल्यांचे तप.

श्रीपाळ-मयणासुंदरीची कथा चैत्र आणि आश्विनच्या ओळीत आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. दिगंबर परंपरेतही सिद्धचक्र विधानाबरोबर मैनासुंदरीचे नाव निघतेच. कुष्ठरोगाने ग्रासलेल्या पतीचा हात तिने सोडला नाही, नवपदांची आराधना केली, त्याच्याबरोबरच्या ७०० रोग्यांचेही तिने पाहिले. ही कथा ऐकताना डोळे न पाणावणारा श्रोता विरळा. पण मयणा आजारी पडली तर श्रीपाळाने काय करावे, हा प्रश्न व्याख्यानात सहसा निघत नाही. व्यापारी घरातील पतीला आपले प्रेम बोलून दाखवण्याची सवय नसते. ‘पैशाची काळजी करू नकोस’ हे त्याचे सर्वांत कोमल वाक्य. ते खोटे नसते, पण अपुरे असते. डोसच्या दिवशी दुकान भावाकडे किंवा मुनीमजींकडे सोपवून तो शेजारच्या खुर्चीवर बसून राहिला, तर तिला जे मिळते ते चेकने मिळत नाही.

त्याच्या अंगच्या गुणांनाही येथे वाव आहे. शस्त्रक्रियेनंतर काखेजवळ एक नळी आणि तिला जोडलेली पिशवी काही दिवस राहते. तिच्यात दररोज किती मिलिलिटर द्राव जमला हे लिहून ठेवावे लागते, कारण त्यावरून नळी केव्हा काढायची हे ठरते. सकाळ-संध्याकाळचा ताप, कोणती गोळी किती वाजता, उलटी किती वेळा, पाणी किती गेले, यांचीही नोंद उपयोगी पडते. ज्याने आयुष्यभर रोजमेळ चुकू दिला नाही, त्याच्या इतके हे काम कोण चांगले करील? या वहीत एक ओळ ठळक अक्षरांत लिहून ठेवावी: किमो सुरू असताना ताप १००.४ अंश फॅरेनहाइटवर गेला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. घरगुती काढा, उद्या बघू, पाहुणे आहेत, यांपैकी काहीही त्या वेळी चालत नाही. बाजूच्या हाताचे व्यायामही असेच रोज मोजून करायचे असतात. भिंतीवर बोटे हळूहळू वर चढवत नेणे, केस विंचरण्याइतका हात उचलणे. सासूबाईंनी ‘आज किती वर गेला?’ असे हसून विचारले, तर तोही व्यायामाचाच भाग होतो.

सुखसाता विचारायला येणाऱ्यांविषयी थोडे कठोर लिहिणे भाग आहे. डोसनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात, जेव्हा संसर्गाचा धोका सर्वाधिक, नेमके तेव्हाच लोक गटागटाने येतात. कारण पहिल्या आठवड्यात ‘तिला त्रास नको’ म्हणून थांबलेले असतात. येतात आणि अर्धा तास बसून, कोणाला हाच आजार होऊन काय झाले ते सांगतात. निघताना कोणीतरी म्हणते, ‘पूर्वभवीचे कर्म, दुसरे काय!’ हे वाक्य सिद्धान्ताच्या दृष्टीनेही अर्धवट आहे. असाता वेदनीय कर्माचा उदय असेल; पण आपल्याकडे कोणत्याही कार्यामागे काळ, स्वभाव, नियती, कर्म आणि पुरुषार्थ अशी पाच कारणे एकत्र मानली जातात. उपचार हा पुरुषार्थ आहे. पाचांतील एकच कारण उचलून ते आजारी बाईच्या अंगावर फेकणे, याला तत्त्वज्ञान म्हणत नाहीत. त्यापेक्षा तिच्या मुलाला शिकवणीहून घेऊन या, दिवसा दोन वाजता मुगाचे गरम सूप पाठवा, किंवा फोनवर दोन मिनिटे बोलून ठेवून द्या.

पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत बहुतेक औषधांनी केस गळू लागतात. उशीवर पुंजके दिसतात, न्हाणीघराची मोरी तुंबते. कित्येक जणींना स्तन गमावल्यापेक्षा हे अधिक असह्य होते, कारण शस्त्रक्रिया पदराखाली झाकता येते, हे जगाला दिसते. आपल्या समाजात केशरहित मस्तकाचा अर्थ खरे तर फार उंच आहे. साध्वीजींचा लोच असला, की सुखसाता विचारायला आपण रांगेने जातो, अनुमोदना करतो. तीच माणसे किमोच्या रुग्णाकडे पाहताना नजर चुकवतात. एक त्याग स्वेच्छेचा, दुसरा लादलेला, हा भेद खराच आणि तो पुसूनही टाकू नये. तिला तिचे केस प्रिय होते. तरी नजर चुकवण्याचे कारण त्यात सापडत नाही. काही जणी गळती सुरू होण्यापूर्वीच केस आखूड कापून घेतात, काही टोप वापरतात, काहींना रुमालच बरा वाटतो. तो निर्णय तिचा. उपचार संपले की काही महिन्यांत केस बहुधा पुन्हा येतात, कधी पूर्वीपेक्षा कुरळे.

अनेक घरांत नजरेपेक्षा मोठी भीती गुप्ततेची असते. मुलगी उपवर आहे, स्थळे येत आहेत. आईचा आजार बाहेर कळला तर? मग मुंबईला ‘मामांकडे’ जाऊन उपचार घेतले जातात, रिपोर्ट तिजोरीत बंद होतात आणि ज्या समाजाचा आधार मिळाला असता त्याच्यापासून ती स्त्री दूर राहते. भीती पूर्णपणे निराधार नाही, म्हणूनच तिचे माप नीट घ्यावे. स्तनाच्या कर्करोगाच्या १०० रुग्णांपैकी साधारण ५ ते १० जणींमध्येच तो ठळक आनुवंशिक दोषातून आलेला असतो. असा जनुकदोष असलाच, तर तो मुलाकडे आणि मुलीकडे जाण्याची शक्यता सारखीच, निम्मी. आणि तो वडिलांकडूनही येऊ शकतो. मुलाचे स्थळ पाहताना हा प्रश्न कोणी विचारीत नाही, एवढे सांगितले तरी पुरे. डॉक्टरांनी जनुकीय तपासणी सुचवली असेल, तर ती करून घेतल्याने मुलीची स्वतःची तपासणी वेळेवर सुरू होते. लपवल्याने ती उशिरा होते.

आता श्रद्धेच्या बाजूला उभे असलेले दुसरे आधारही पाहावेत. मुंबईतील परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्यामागे एका उद्योगी घराण्यातील पतीचे दुःख आहे. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले, आणि त्यांच्या न्यासाने हे रुग्णालय उभारले. त्याच टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातील ११ केंद्रांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेच्या अगदी आधी गाठीभोवती जागा बधिर करणारे साधे, स्वस्त इंजेक्शन दिले, तर पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले. सुमारे १,६०० स्त्रिया या अभ्यासात सहभागी होत्या. त्यांच्यापैकी प्रत्येकीने स्वतःच्या संकटात असताना पुढच्या अनोळखी रुग्णासाठी सहभागाची सही केली होती.

या आजारात फार वापरले जाणारे पॅक्लिटॅक्सेल हे औषध यू नावाच्या वृक्षातून आले. त्याची रचना अमेरिकेत उलगडणाऱ्या दोन शास्त्रज्ञांपैकी एक, डॉ. मनसुख वाणी, यांचा जन्म खानदेशातील नंदुरबारचा. १९७१ मध्ये त्यांनी आणि मन्रो वॉल यांनी ती प्रसिद्ध केली. प्रारंभी हे औषध झाडाची साल सोलून मिळवीत आणि साल गेली की झाड मरे. पुढे त्याच कुळातील झाडांच्या पानांपासून ते बनवण्याची रीत सापडली. पाने पुन्हा फुटतात, झाड उभे राहते. वनस्पतिकायाची हिंसा मोजणाऱ्या श्राविकेला सलाईनच्या बाटलीकडे पाहताना एवढे माहीत असलेले बरे.

सर्वच जणी बऱ्या होत नाहीत, हे न सांगणे अप्रामाणिक ठरेल. आजार हाडांत, यकृतात किंवा फुप्फुसांत पसरलेला असतो तेव्हा तो मुळासकट जाणे सहसा शक्य नसते. तरी संप्रेरकांवर वाढणाऱ्या प्रकारात गोळ्यांच्या आधाराने कित्येक जणी वर्षानुवर्षे घर, दुकान, स्थानक सांभाळताना दिसतात. तेथे आशेचे माप बदलते. नातवाचे पहिले सामायिक, पुढच्या महिन्यातील तीर्थयात्रा, वेदनेविना गेलेली रात्र. वेदनेबाबत मात्र एक गैरसमज आपल्याकडे खोल रुजलेला आहे. ‘सहन केले की निर्जरा होते’ असे म्हणून घरचे लोक मॉर्फिनसारखे औषध नाकारतात. निर्जरेचे सकाम आणि अकाम असे भेद सांगितले आहेत. स्वतः समजून, समभावाने सोसणे निराळे. दुसऱ्याने औषध अडवल्यामुळे निरुपायाने विव्हळणे निराळे. तिच्या वेदनेतून कुटुंबाला कोणतीही निर्जरा मिळत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदना शमली, तरच तिला नवकार ऐकू येतो. संथाऱ्याचा विषयही उपचार सुरू असताना नातेवाइकांनी काढू नये. तो साधकाच्या स्वतःच्या भावनेचा आणि गुरुआज्ञेचा विषय आहे, पाहुण्यांच्या गप्पांचा नाही.

उपचार संपल्यावर घराला वाटते, सुटलो. रेडिएशनच्या खेपा, आता पुष्कळदा तीनच आठवड्यांच्या, आटोपलेल्या असतात. मिठाई वाटली जाते, सर्व जण आपापल्या कामाला लागतात. नेमके तेव्हाच तिला सर्वाधिक एकटे वाटते. संप्रेरकांची गोळी पाच, कधी दहा वर्षे रोज घ्यायची असते. वार्षिक मॅमोग्राफीची तारीख जवळ आली, की झोप उडते. पाठ दुखली तरी मन भलतीकडे जाते. या वर्षांतही तपासणीला सोबत कोणी जावे, आणि ‘आता तर सगळे झाले ना?’ असे विचारू नये.

पहिल्या पर्युषणात तिला अठ्ठाई करायची असते. डॉक्टर बहुधा मान हलवतात. बियासणे चालेल का, हेही आधी विचारावे लागते. नवकारसी मात्र बहुतेकींना लगेच करता येते. सूर्योदयानंतर ४८ मिनिटे थांबायचे, तीन नवकार गणून पच्चक्खाण पारायचे, मग पाण्याबरोबर ती छोटी पांढरी गोळी घ्यायची.